भाडेपट्टा संपल्याची नोटीस आली? जागा वाचवण्यासाठी कोर्टात काय करायचे

भाडे थकते, किंवा करारातली एखादी अट मोडली जाते, आणि एक दिवस मालकाच्या वकिलाची नोटीस येते : ‘आमच्या अशिलांनी तुमचा भाडेपट्टा संपुष्टात आणला आहे, तरी जागेचा शांततापूर्ण ताबा द्यावा.’ हे वाचून बऱ्याच जणांना वाटते की जागा गेलीच. कोणी घाबरून सामान हलवायला लागते, कोणी रागाने नोटीस कपाटात टाकून देते. दोन्हींत नुकसान भाडेकरूचेच आहे. नोटिशीने पट्टा कागदावर संपू शकतो, पण ताबा जातो तो फक्त कोर्टाच्या हुकमाने. तो हुकूम होण्याआधी थकबाकी भरून पट्टा वाचवायची सोय कायद्यानेच ठेवलेली आहे.

ही सोय उदार आहे, पण तिला तारखा आहेत. माझ्या पाहण्यात बाजू खोटी होती म्हणून हरलेले भाडेकरू थोडे, आणि पैसे वेळेत कोर्टात जमा झाले नाहीत म्हणून हरलेले पुष्कळ. म्हणून या लेखात कायद्याच्या वादांपेक्षा पैसे आणि तारखा यांवरच जास्त लिहिले आहे. लेख महाराष्ट्रात घर, दुकान, गाळा, गोदाम किंवा बिगरशेती भूखंड भाड्याने घेतलेल्यांसाठी आहे. शेतजमिनीच्या कुळांचा कायदा वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

पहिली पायरी : आपल्याला कोणता कायदा लागतो ते बघा

शेजारीशेजारी दोन गाळे, भाडे सारखे, थकबाकीही सारखी. तरी एका भाडेकरूला थकबाकी भरायला नव्वद दिवसांची हक्काची मुदत मिळते आणि दुसऱ्याला न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून राहावे लागते, असे होऊ शकते. कारण दोघांना लागणारे कायदे वेगळे असतात. त्यामुळे नोटिशीला उत्तर लिहायच्या आधी हे ठरवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पागडीचे घर, जुन्या चाळीतली खोली, बाजारपेठेतला पिढीजात गाळा अशा जागा बहुतेक करून याच कायद्याखाली येतात. भाडेकरूला सर्वांत भक्कम संरक्षण इथेच आहे. तुमच्या कामाची कलमे १५ आणि १६.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ हा बाकीच्यांसाठी. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३ ने काही जागा त्या कायद्यातून वगळल्या आहेत : बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसेच ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागा. मोकळ्या भूखंडांचे दीर्घ मुदतीचे पट्टेही बहुधा १८८२ च्या कायद्याने चालतात, कारण भाडे नियंत्रण कायदा इमारत किंवा इमारतीचा भाग याबद्दल बोलतो. जिथे भाडे नियंत्रण लागूच नाही अशा गावांतल्या जागाही यातच आल्या. इथे बघायची कलमे १११, ११२, ११४ आणि ११४-अ.

तिसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा. अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करून राहणारे बोलताना ‘भाडेकरू’च म्हणवतात, पण कायद्याने ते परवानाधारक असतात. या लेखातली दाद त्यांना मिळत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालक भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क मागू शकतो. तिथले समन्स आले तर तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर तुमचे म्हणणे ऐकलेच जात नाही. तुमच्या करारावर काय लिहिले आहे ते आजच काढून वाचा. नुसत्या शीर्षकावर मात्र जाऊ नका. जागेचा स्वतंत्र, पूर्ण ताबा तुमच्याकडे वर्षानुवर्षे आहे आणि कागदावर ‘परवाना’ लिहिले आहे असे असेल, तर वकिलाला नक्की दाखवा.

दुसरी पायरी : नोटीस नीट वाचा, पाकीटही जपून ठेवा

नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली ती पाकिटावर लिहून ठेवा. मुदती नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही, ती तुम्हाला मिळाल्यापासून मोजल्या जातात. टपाल परत पाठवल्याने काही साधत नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलेले पत्र सहसा पोचलेच असे धरले जाते, आणि तुम्हाला मात्र आत काय लिहिले होते ते कळलेले नसते. घरातल्या माणसाच्या हाती दिलेली नोटीसही चालते, आणि कोणालाच देता आली नाही तर जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवलेली नोटीसही चालते. दुकानातल्या नोकराला आणि घरच्या मंडळींना हे सांगून ठेवा.

मग नोटिशीत नेमकी कशाची तक्रार आहे ते शोधा. साधारण चार प्रकार दिसतात.

भाडे थकल्याची तक्रार असेल तर काम सरळ आहे, फक्त वेळेत व्हायला हवे. अट मोडल्याची तक्रार असेल, म्हणजे परवानगीशिवाय बांधकाम, वापरात बदल, दुरुस्ती न करणे वगैरे, तर करारातली ती अट शब्दशः काढा. १८८२ च्या कायद्याच्या कलम १११ (ग) प्रमाणे नुसती अट मोडून भागत नाही. अट मोडल्यास मालकाला जागा परत घेता येईल असे करारात स्पष्ट लिहिलेले असावे लागते, आणि पट्टा संपवत असल्याचे मालकाने लेखी कळवावे लागते. या दोन्हींपैकी एक नसेल तर मालकाची बाजू तिथेच लंगडी पडते.

तिसरी तक्रार असते ती भाडेकरूने मालकी नाकारल्याची. ती पुढच्या पायरीत घेतो.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. नोटिशीत कसलाच दोष काढलेला नसतो, फक्त ‘महिना अखेरीस पट्टा संपवत आहोत’ असे असते. १८८२ च्या कायद्याखालच्या महिनेवारी भाडेकरूला करारात वेगळे काही नसेल तर पंधरा दिवसांची अशी नोटीस देता येते. कारखान्यासाठी दिलेली जागा असेल तर सहा महिन्यांची. इथे पट्टा कसुरीमुळे संपत नाही, तो नोटिशीने संपतो. त्यामुळे कलम ११४ खाली ‘थकबाकी भरतो, पट्टा चालू ठेवा’ असे म्हणायला जागाच उरत नाही. हे कटू आहे, पण माहीत असलेले बरे. भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूला अशी भीती नाही. कलम १५ आणि १६ मधले कारण सिद्ध केल्याशिवाय त्याला कोणी काढू शकत नाही.

तिसरी पायरी : उत्तर द्या, आणि त्यात मालकी नाकारू नका

नोटिशीला उत्तर देणे सक्तीचे नाही, तरी द्यावे. उत्तर दिले नाही तर उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो : ‘नोटीस मिळाली होती ना? मग काही कळवले का नाही?’

उत्तरात किती महिन्यांचे भाडे दिले आहे, कसे दिले, पावत्या आहेत की नाहीत, बाकी किती निघते हे लिहा. भाडे देण्याची तयारी आहे असे स्पष्ट लिहा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ (१) चा गाभाच असा आहे की, जो भाडेकरू भाडे देतो किंवा द्यायला तयार आणि राजी आहे त्याच्याकडून ताबा घेता येत नाही. तुमची ती तयारी कागदावर दिसली पाहिजे.

आणि एक गोष्ट लिहायची नाही. रागाच्या भरात ‘तुम्ही मालकच नाही’, ‘ही जागा आमचीच आहे’, ‘खरे मालक दुसरेच आहेत’ अशी वाक्ये लिहिली जातात. १८८२ च्या कायद्यात भाडेकरूने स्वतःची किंवा तिसऱ्याची मालकी पुढे करणे हे पट्टा संपवण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि ते पैसे भरून मिटत नाही. थकबाकीचा साधा मामला एका वाक्याने असा बिघडतो.

मूळ मालक वारले असतील आणि वारसांत भांडण असेल, किंवा इमारत विकली गेली असेल आणि भाडे कोणाला द्यायचे हे खरोखरच कळत नसेल, तर मालकी नाकारू नका, विचारणा करा : ‘आपण हक्काचे कागद दाखवावेत, भाडे तयार आहे.’ हे पत्र सगळ्या वारसांना पाठवा. विक्रीची खबर नसताना जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेले भाडे नव्या मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही. खबर मिळाल्यानंतरचे मात्र नव्यालाच द्यायचे.

चौथी पायरी : दावा लागायच्या आधीच पैसे द्या

भाडे नियंत्रणाखाली थकबाकीसाठी दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणी करावी लागते, आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. हे कलम १५ (२). या नव्वद दिवसांत सगळी थकबाकी दिली तर गोष्ट कोर्टापर्यंत जाऊच नये. वकील, कोर्ट, तारखा, सगळे टळते. उसनेपासने करूनही पैसे याच काळात भरा असे मी प्रत्येकाला सांगतो.

मालक घेत नसेल तर? हे नेहमी होते, कारण काही मालकांना भाडे नको असते, जागा हवी असते. समोर जाऊन दिले आणि त्याने घेतले नाही, याला पुरावा राहत नाही. म्हणून मनीऑर्डर करा, किंवा त्याच्या खात्यात बँकेतून पाठवा आणि ‘अमुक ते अमुक महिन्यांचे भाडे’ असे शेऱ्यात लिहा. मनीऑर्डर परत आली तर तो परतीचा कागद सांभाळून ठेवा. कोर्टात तो पावतीइतकाच उपयोगी पडतो. सोबत एक छोटे पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा. भाडे रोख दिले तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

मागितलेली रक्कम अवास्तव वाटत असेल, तर भाडे न देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रमाणित भाडे, म्हणजे कायद्याप्रमाणे आकारता येणारे भाडे, ठरवून मिळावे म्हणून कलम ८ खाली कोर्टात अर्ज करता येतो. कलम १५ ची नोटीस मिळालेल्या भाडेकरूने असा अर्ज केला, तर अंतिम निर्णय होईपर्यंत किती रक्कम जमा करायची ते कोर्ट लगेच ठरवून देते.

पाचवी पायरी : समन्स आले की दोन वेगळ्या मुदती सुरू होतात

मुंबईत दावा लघुवाद न्यायालयात लागतो. इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायाधीशांकडे. समन्ससोबत दाव्याची प्रत येते. समन्स कोणत्या दिवशी बजावले गेले ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

त्या दिवसापासून एक मुदत कैफियतीची, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याची, सुरू होते : तीस दिवस, आणि योग्य कारण दिले तर कोर्टाच्या परवानगीने नव्वद दिवसांपर्यंत. दुसरी मुदत पैशांची. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ (३) प्रमाणे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी व्याजासह कोर्टात भरली, पुढचे भाडे दाव्याचा निकाल लागेपर्यंत नियमित भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. इथे न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न नाही. अटी पाळल्या की संरक्षण मिळते, आणि नाही पाळल्या की गरिबीचे, आजारपणाचे कारणही सहसा चालत नाही. कोर्टे या मुदतीकडे फार काटेकोरपणे बघतात.

घोटाळा होतो तो या दोन मुदतींची गल्लत झाल्याने. वकील कैफियतीसाठी पुढची तारीख घेतात आणि भाडेकरू समजतो की पैशांनाही मुदत मिळाली. तसे होत नाही. तारीख वाढली तरी नव्वद दिवस तेच राहतात. वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा : ‘पैसे भरायचा शेवटचा दिवस कोणता?’ आणि उत्तर लिहून घ्या. मे महिन्यातली उन्हाळी सुट्टी किंवा दिवाळीची सुट्टी मध्ये येत असेल तर त्याआधीच भरा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरता येते हे खरे, पण तेवढ्यावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही.

आता रक्कम. व्याज सरळव्याजाने वार्षिक १५ टक्के आहे. समजा भाडे दरमहा ३,००० रुपये आणि दहा महिने थकले आहेत. मूळ थकबाकी ३०,०००. एका महिन्याच्या भाड्यावर एका महिन्याचे व्याज ३७ रुपये ५० पैसे. सर्वांत जुन्या महिन्याचे भाडे थकून दहा महिने झाले, त्यानंतरच्याचे नऊ, असे करत शेवटच्याचे एक. हे महिने मिळवले की ५५ होतात, म्हणजे व्याज २,०६२ रुपये ५० पैसे. भरायचे एकूण ३२,०६२ रुपये ५० पैसे. व्याजाचा बोजा लोकांना वाटतो तेवढा नसतो. चूक होते ती वेगळीच : दाव्यात मागितलेले दहा महिने तेवढे भरले जातात आणि दावा लागल्यापासून पैसे भरेपर्यंतचे मधले महिने राहून जातात. भरायचे ते त्या दिवसापर्यंतचे सगळे. भाड्यासोबत कर किंवा पाणीपट्टी द्यायची असेल तर तीही धरा. हिशेबाचा तक्ता करा, महिना, भाडे, व्याजाचे महिने, व्याज अशा चार रकान्यांचा, आणि तो अर्जाला जोडा.

मालकाने तीन वर्षांपेक्षा जुनी बाकी मागितली असेल, तर ती मुदतबाह्य आहे असे स्वतःच ठरवून कमी पैसे भरू नका. रक्कम वसुलीचा दावा मुदतीत आहे का हा एक प्रश्न, आणि जागा वाचवायला किती भरावे लागते हा दुसरा. शंका असेल तिथे हरकत राखून जास्तीचे भरा. जास्त भरलेले पैसे परत मागता किंवा पुढच्या भाड्यात वळते करता येतील, गेलेली जागा तशी परत मागता येत नाही.

पैसे प्रत्यक्ष भरायचे कसे, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. आधी वकिलामार्फत अर्ज द्यायचा की थकबाकी व्याजासह जमा करण्याची परवानगी मिळावी. त्यावर न्यायाधीशांचा आदेश झाला की तो घेऊन नाझर शाखेत, म्हणजे कोर्टातल्या पैसे स्वीकारणाऱ्या शाखेत, जायचे. तिथे चलन भरून, कोर्टाच्या पद्धतीप्रमाणे रोख, डिमांड ड्राफ्टने किंवा ऑनलाइन पैसे भरायचे. रोख किती घेतात, ड्राफ्ट कोणाच्या नावाने काढायचा, किती वाजेपर्यंत पैसे स्वीकारतात, हे आदल्या दिवशीच विचारून या. साडेचारला पोचलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून परत जातो आणि तो उद्या कधीकधी एक्याण्णवावा दिवस असतो. पावती मिळाली की तिची प्रत लावून पुरसीस (पैसे भरल्याचे कोर्टाला कळवणारे छोटे लेखी निवेदन) दाखल करायची, म्हणजे दाव्याच्या कागदांत नोंद राहते. मूळ पावती घरी फाईलमध्ये.

त्यानंतर दर महिन्याला भाडे. दावा पाच वर्षे चालला तर पाच वर्षे, दर महिन्याला. नव्वद दिवसांची अट नीट पाळलेले भाडेकरू इथे घसरतात. एकदम सहा महिन्यांचे भरू, तारखेला गेलो की भरू असे सुरू होते, आणि शेवटी मालकाचे वकील नाझर शाखेचा उतारा काढून दाखवतात की मधले आठ महिने काहीच भरलेले नाही. कायद्याचा शब्द ‘नियमित’ असा आहे. दर महिन्याचा एक दिवस ठरवा. आजारी पडलात तर घरातल्या कोणाला पाठवायचे तेही ठरवून ठेवा. आधीच काही महिन्यांचे आगाऊ भरून ठेवता आले तर आणखी चांगले.

सहावी पायरी : १८८२ च्या कायद्याखाली असाल तर कलम ११४

इथे हक्काचे नव्वद दिवस नाहीत. भाडे थकल्यामुळे पट्टा संपला आणि मालकाने ताब्याचा दावा लावला, तर सुनावणीच्या वेळी भाडेकरूने थकबाकी, तिच्यावरचे व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च दिला किंवा देऊ केला, तर कोर्ट ताब्याच्या हुकूमनाम्याऐवजी पट्टा वाचवणारा आदेश करू शकते. रोख जवळ नसेल तर पंधरा दिवसांत पैसे देण्याची पुरेशी हमी देता येते. आदेश झाला की पट्टा कधी संपलाच नव्हता असे समजून तो जुन्याच अटींवर पुढे चालतो.

कोर्ट ‘करू शकते’, करेलच असे नाही. १९५३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही दाद न्यायबुद्धीने द्यायची आहे. भाडेकरूने केलेला उशीर, दोन्ही बाजूंचे वागणे, मालकाला झालेला त्रास हे सगळे तोलून प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहायचे. पुन्हापुन्हा भाडे थकवणाऱ्याला त्या प्रकरणात ही सवलत मिळाली नाही. म्हणून तुमचे आधीचे वागणे हाच इथे तुमचा पुरावा आहे. वीस वर्षांच्या पावत्या, एकदाच आलेली अडचण आणि तिचा कागद (दवाखान्याचे बिल, दुकान बंद राहिल्याची नोंद), अडचण सरल्यावर लगेच देऊ केलेले पैसे, असे जे असेल ते कैफियतीला जोडा.

‘सुनावणीच्या वेळी’ म्हणजे शेवटच्या तारखेची वाट बघा असे नव्हे. पहिल्याच तारखेला पैसे घेऊन उभा राहणारा आणि युक्तिवाद संपताना खिशात हात घालणारा, यांच्याकडे न्यायाधीश सारख्या नजरेने बघत नाहीत. कैफियतीत कलम ११४ खाली दाद मागितल्याचे स्पष्ट लिहा आणि त्याच दिवशी पैसे जमा करायचा अर्जही द्या. खालच्या कोर्टात हे राहून गेले असेल तर अपिलातही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मान्य केले आहे.

अट मोडल्याचा आरोप असेल तर

१८८२ च्या कायद्यात १९२९ साली कलम ११४-अ आले. अट मोडल्याच्या कारणावर ताब्याचा दावा लावण्याआधी मालकाने लेखी नोटीस देऊन नेमकी कोणती अट कशी मोडली ते सांगावे लागते, आणि चूक सुधारण्याजोगी असेल तर सुधारायला वाजवी वेळ द्यावा लागतो. हे न करता लावलेला दावा चालत नाही.

अशी नोटीस आली की वाद घालत बसू नका, सुधारून टाका. गळकी मोरी दुरुस्त करायची अट असेल तर गवंडी बोलवा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढा, सामानाची आणि मजुरीची बिले घ्या, आणि ‘अमुक तारखेला दुरुस्ती पूर्ण केली आहे, येऊन पाहावे’ असे लेखी कळवा. मालक पाहायला आला नाही तरी तुमचे पत्र बोलते. चूक झालीच नव्हती असे तुमचे मत असेल, तर हक्क राखून सुधारले असे पत्रात लिहा.

या कलमाला दोन अपवाद आहेत. पोटभाडेकरू ठेवणे, ताबा दुसऱ्याला देणे, पट्टा परस्पर विकणे याविरुद्धची अट मोडली असेल तर सुधारण्याची संधी मिळत नाही. भाडे थकल्याच्या अटीलाही हे कलम लागत नाही, तिथे कलम ११४ आहेच. दुकानात भागीदार घेण्याआधी किंवा जागा भाच्याला चालवायला देण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या, एवढेच सांगतो.

भाडे नियंत्रणाखालच्या जागेत ‘कायम स्वरूपाचे बांधकाम’ हा आरोप फार वेळा होतो. कलम १६ च्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सिलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे अशी कामे, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली असतील तर, या आरोपातून वगळलेली आहेत. नोटिशीत ‘बेकायदा बांधकाम’ वाचून हबकण्याआधी ते बांधकाम म्हणजे ओटाच आहे का ते पाहा.

मालकाने नंतर भाडे घेतले असेल तर बँकेचा उतारा काढा

हा मुद्दा कितीतरी भाडेकरूंच्या बाजूने असतो आणि लक्षातच येत नाही. कसूर झाल्याचे माहीत असूनही मालकाने त्यानंतरच्या काळाचे भाडे स्वीकारले, तर कलम ११२ प्रमाणे त्याने कसुरीवर पाणी सोडले असे धरले जाते. म्हणून नोटिशीच्या तारखेनंतरचा बँकेचा उतारा जरूर काढा. कसुरीच्या आधीची जुनी बाकी घेणे मात्र यात धरत नाहीत, आणि दावा लावल्यानंतर घेतलेले भाडेही नाही. त्यामुळे दावा चालू असताना मालकाने पैसे घेतले म्हणून निर्धास्त होऊ नका.

कुलूप बदलले, पाणी तोडले

कोर्टाच्या हुकमाशिवाय मालकाने कुलूप घालून तुम्हाला बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो. तिथे मालकी कोणाची हे बघितले जात नाही, ताबा कोणाचा होता आणि तो बेकायदा काढून घेतला का, एवढेच बघितले जाते. कुलूप घालतील अशी नुसती भीती असेल तर मनाई हुकमासाठी अर्ज करा. जागा भाडे नियंत्रणाखालची असेल आणि पाणी किंवा वीज तोडली असेल, तर त्या कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टाकडून ती पुन्हा सुरू करून घेता येते. पोलिसांकडे तक्रार जरूर द्या आणि तिची पोच घ्या, पण ताब्याचा प्रश्न सोडवणारे दार कोर्टाचेच आहे.

वकील परवडत नसेल तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. समन्स हातात पडल्यापासून पहिल्याच आठवड्यात जा, कारण वकील नेमला जाईपर्यंतचे दिवसही नव्वदांतूनच जातात.

निकाल विरुद्ध गेला तर

दाव्याची खबर न लागता किंवा तारखेला हजर न राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करता येतो. हजर न राहण्याचे सबळ कारण दाखवावे लागते. दोन्ही बाजू ऐकून निकाल झाला असेल तर भाडे नियंत्रण कायद्याखाली अपिलाची मुदतही तीस दिवसांचीच आहे. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालते, इतर ठिकाणी जिल्हा न्यायालयात.

नुसते अपील दाखल केल्याने ताबा थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. स्थगिती देताना वरचे कोर्ट बाजारभावाच्या जवळपास दरमहा रक्कम भरायला सांगू शकते आणि ती जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असू शकते, तेव्हा पैशांची तयारी ठेवूनच जा. खालच्या कोर्टात दरमहा भाडे भरत होतात ते अपील चालू असतानाही थांबवू नका. आणि निकाल ऐकल्याच्या दिवशीच, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडायच्या आधी, निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. नक्कल तयार होण्यात जाणारे दिवस अपिलाच्या मुदतीत धरले जात नाहीत, पण ते अर्ज दिल्याच्या तारखेपासूनच.